माग थांबतात तेव्हा : अडचणीतल्या घरांना गल्लीने कसे सावरावे

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून या गावाची चूल मागावर पेटत आली आहे. मंदी आली की ती येथे आधी कानाला कळते, कारण रात्रपाळीची खटखट बंद पडते. सुताचे दर चढतात आणि कापडाला त्या मानाने भाव मिळत नाही, तेव्हा व्यापारी खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाची मजुरी कमी करतो किंवा मागावरचे बीम (उभ्या धाग्यांचे सूत गुंडाळलेला रूळ) संपल्यावर नवे बीमच देत नाही. मागवाल्या कामगाराची मजुरी विणलेल्या मीटरवर असते. त्यामुळे त्याला कामावरून कोणी काढत नाही, पण आठवड्याचा पगार निम्म्यावर येतो आणि हळूहळू पावावर येतो. कांड्या भरणाऱ्या, म्हणजे आडव्या धाग्याचे सूत गुंडाळून देणाऱ्या, बायकांचे काम त्याच्याही आधी जाते.

ही घसरण सावकाश होत असल्यामुळे शेजारच्यालाही ती दिसत नाही. पूर आला की सारे गाव धावून जाते, हे २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरात आपण पाहिले आहे. पगार आटल्याचे पाणी मात्र कोणाच्या उंबऱ्यावर चढताना दिसत नाही, आणि आयुष्यभर कष्टाची भाकरी खाल्लेला माणूस मागायला येत नाही. म्हणून गल्लीने मदतीचे काम हाती घेताना एक गोष्ट पक्की धरावी : गरजू माणसाने मागण्याची वाट न पाहता आपण त्याला ओळखायचे आहे, आणि त्याला मान खाली घालावी लागणार नाही अशा वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचायचे आहे. पुढे सांगितलेले सारे या दोन गोष्टींसाठीच आहे. हे विवेचन यंत्रमागाच्या गावाला धरून असले तरी साखर कारखान्याच्या, विडीच्या किंवा बांधकाम मजुरांच्या वस्तीतही ते थोड्या फरकाने लागू पडेल.

घर कसे ओळखावे

गल्लीतील कोणते घर अडचणीत आहे हे सर्वांत आधी पिठाच्या गिरणीवाल्याला कळते. आमच्या गल्लीतील गिरणीवाल्यांनी एकदा बोलता बोलता सांगितले, की एका घरचा दळणाचा डबा पूर्वी आठवड्याला काठोकाठ भरून यायचा, नंतर तो निम्मा येऊ लागला, आणि पुढे त्या घरची मुलगी डब्याऐवजी पिशवीतून दीड किलो ज्वारी घेऊन येऊ लागली. डब्यात तळाशी पडलेले दीड किलो धान्य चारचौघांत उघडायला त्या मुलीला संकोच वाटत असावा. त्या घरातून कोणीही, कोणापाशीही अवाक्षर काढले नव्हते. आम्ही त्या दिवसापासून गिरणीवाल्यांना आमच्या कामात घेतले.

किराणा दुकानदाराची उधारीची वहीही असेच बोलते. उधारी वाढणे ही पहिली पायरी असते आणि गिऱ्हाईक दुकानात येणेच बंद होणे ही दुसरी. दुसरी पायरी अधिक गंभीर समजावी, कारण मागील बाकी देता येत नाही म्हणून ते कुटुंब दुकानासमोरून जाणेही टाळू लागलेले असते. दुधाचा रतीब लिटरवरून अर्ध्या लिटरवर येतो. गॅसची टाकी संपल्यावर परसात पुन्हा चूल मांडली जाते. शाळेतल्या बाईंना पोषण आहाराच्या वेळी दुसऱ्यांदा ताट पुढे करणारे मूल लक्षात येते. गिरणीवाले, दुकानदार, गवळी, शाळेतील शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका या चार-पाच जणांशी महिन्यातून एकदा शांतपणे बोलले, तर दारोदार अर्ज भरून घेण्याची गरज राहत नाही. घरोघरी जाऊन पाहणी करण्याचा मोह शक्यतो टाळावा. पाहणीला माणसे आली की संपूर्ण गल्लीला त्या घराची परिस्थिती कळते, आणि मदत पोहोचण्यापूर्वी चर्चा पोहोचते.

भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. त्यांची दुकानात उधारी नसते, गल्लीत नातलग नसतात आणि बहुतेकांची शिधापत्रिका गावाकडे असते. त्यांच्याकडे जाताना त्यांच्याच खोलीवरचा एखादा जाणता माणूस बरोबर घ्यावा.

मंडळाची माणसे आणि नियम

नवी संस्था काढण्याची घाई करू नये. गणेशोत्सवाचे मंडळ, भजनी मंडळ किंवा महिलांचा बचत गट यांच्याकडे वर्गणीची सवय, हिशोबाची वही आणि लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी आधीपासून असतात. त्यातून पाच ते सात जण निवडावेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक महिला असाव्यात. घरात काय शिजते आणि काय शिजत नाही हे बाईच बाईला सांगते. पुरुषांनी कितीही आपुलकीने विचारले तरी उत्तर ‘चाललंय बरं’ असेच येते.

१८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, सत्यशोधक कार्यकर्त्यांनी लोकांना धीर आणि अन्न देण्यासाठी समित्या नेमल्याचे कळवले आहे. इतक्या जुन्या काळात, जुन्नरसारख्या भागात, काम वाटून घेणाऱ्या समित्यांची गरज त्यांना जाणवली होती, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. एकटा दानशूर थकतो किंवा त्याचा धंदाही मंदीत सापडतो. समितीचे काम चालू राहते.

दोन नियम पहिल्याच बैठकीत लिहून काढावेत. मदत घेणाऱ्याचे छायाचित्र कोणत्याही कारणासाठी काढायचे नाही, हा पहिला. कोणी देणगीदाराने फोटोचा आग्रह धरला तर ती देणगी नम्रपणे नाकारावी. आम्ही अशी एक मोठी देणगी परत केली आहे आणि त्याचे आम्हाला कधीही वाईट वाटले नाही. घरांची नावे समितीबाहेर जाणार नाहीत, हा दुसरा नियम.

वर्गणी गोळा करताना कायद्याचेही भान ठेवावे. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवापूर्वी मंडळे जी परवानगी काढतात, त्याच धर्तीची ही बाब आहे. नोंदणीकृत संस्था बरोबर असेल तर काम सोपे होते. पैसा बँकेतील खात्यात, दोघांच्या सह्यांनी हाताळावा आणि जमाखर्चाची बेरीज, नावांशिवाय, दर महिन्याला मंडळाच्या फलकावर लावावी.

रकमेबाबत आमचा अनुभव असा आहे की एका वेळी हजार रुपये देणाऱ्या दहा जणांपेक्षा दर आठवड्याला वीस रुपये देणारी शंभर घरे अधिक उपयोगाची ठरतात, कारण मंदी महिनोन्महिने चालते. मुष्टिफंडाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. स्वयंपाकाला धान्य काढताना मूठभर बाजूला ठेवायचे आणि आठवड्याने ते एकत्र करायचे, या पद्धतीवर शाळा आणि वसतिगृहे चालली आहेत. ज्यांना पैसे देणे जड जाते त्यांनाही मूठ देता येते, आणि उद्या त्यांच्यावर वेळ आली तर घेताना त्यांना परकेपणा वाटत नाही.

काय द्यावे आणि कसे द्यावे

येथे बहुतेक मंडळांची चूक होते. तांदळाची पोती आणून वाटणे सोपे असते, म्हणून तांदूळ वाटला जातो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाकडे २५ किलो गहू-तांदूळ येत असेल, तर आपण आणखी दहा किलो तांदूळ देऊन त्यांची अडचण फारशी हलकी होत नाही. त्या घरात तेल, तूरडाळ, साखर, चहापूड, चटणी, मीठ, अंगाचा व कपड्यांचा साबण आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅड यांचा तुटवडा असतो. पाच माणसांना महिन्याला दोन-तीन किलो डाळ आणि तेवढेच लिटर तेल धरून यादी करावी, आणि या भागातील घरांसाठी भाकरीची ज्वारी तीत अवश्य ठेवावी. ज्या घराकडे शिधापत्रिकाच नाही किंवा ती केशरी असूनही त्यावर धान्य मिळत नाही, त्यांना धान्य द्यावे.

भाजीसाठी शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्यांशी बोलावे. भाव पडलेल्या दिवसांत वांगी, कोबी, टोमॅटो तोडणीचा खर्चही निघत नाही म्हणून शेतात राहतात. तोडणी आणि टेम्पोचे भाडे मंडळाने उचलले तर शेतकरी आनंदाने माल देतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात खेड्यांतून कामगारांसाठी धान्य गेले होते. गाव आणि कारखाना यांचे हे नाते आपल्याकडे अजून तुटलेले नाही.

देण्याच्या रीतीवर मात्र सर्वाधिक विचार करावा. मंडपात टेबल मांडून रांग लावली की ज्याला खरी गरज आहे तो येत नाही. आम्ही बऱ्याच चुकांनंतर ज्या पद्धतीवर आलो, ती अशी : ठरलेल्या घराच्या नावाने मंडळ किराणा दुकानात महिन्याची ठरावीक रक्कम जमा करते, दुकानदार ती वहीत त्या कुटुंबाच्या खात्यावर जमा मांडतो, आणि घरातील बाई नेहमीप्रमाणे दुकानात जाऊन तिला लागेल ते घेते. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काहीही वेगळे दिसत नाही. आमच्या डोक्यातील यादीपेक्षा तिची यादी अनेकदा वेगळी निघते. एका घराने पहिल्याच महिन्यात मुलाच्या परीक्षेसाठी पेन, वह्या आणि रात्री अभ्यासाला दिव्याचा बल्ब घेतला. रक्कम निम्म्याहून अधिक जुन्या बाकीत वळती करू नये, एवढी अट दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगावी. सर्व उधारी एकदम फेडून घेण्याची त्याचीही अडचण असते, पण घर चालू राहिले तरच त्याचे गिऱ्हाईक टिकते, हे त्याला पटते.

कागद, कर्ज आणि काम

समितीतील एका व्यक्तीने केवळ कागदपत्रांचे काम पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, कोणी टाळ्या वाजवत नाही, पण मंदी संपल्यावरही टिकणारी मदत हीच असते. शिधापत्रिकेवरील ई-केवायसी (अंगठ्याने ओळख पटवणे) राहिल्यामुळे सुनेचे किंवा नातवाचे धान्य थांबलेले असते, आणि ते सुरू करायला रेशन दुकानात एकदा अंगठा देण्यापलीकडे काही लागत नाही. बाहेरगावच्या कामगाराला त्याच्या शिधापत्रिकेवर येथील रेशन दुकानातून धान्य उचलता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. विधवा, दिव्यांग आणि निराधार व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे करायचा असतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. हा दाखला काढण्यासाठी कामगाराची एक दिवसाची मजुरी बुडू नये, म्हणून त्याच्याबरोबर कोणीतरी जावे किंवा कागद आधी तपासून द्यावेत. आजारपणात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात; तेथील समाजसेवा अधीक्षकांना भरती होतानाच भेटावे, बिल हातात पडल्यावर नव्हे.

कर्जाचा विषय नाजूक असतो. बायकांनी गटातून घेतलेल्या कर्जाचा साप्ताहिक हप्ता चुकला की गटातील इतर बायकांवर दबाव येतो आणि जिवाभावाच्या शेजारणी एकमेकींना तोडून बोलतात. अशा वेळी हप्ते पुढे ढकलण्याची लेखी विनंती गटाने मिळून करावी. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खासगी सावकाराचा जाच असेल तर सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. मंडळाच्या पैशातून सावकाराचे व्याज भरू नये. ते पैसे कधीही पुरणार नाहीत आणि घरात मात्र तेल येणार नाही.

कामाच्या बाबतीत मंडळाच्या हातात थोडेच असते. तरीही कोणत्या कारखान्यात बीम चढले, कोणाला वहिफणीची (मागासाठी उभे धागे ओवून देणारी) किंवा कापडाच्या घडीची माणसे हवी आहेत, ही खबर रोज संध्याकाळी मंडळाच्या कट्ट्यावर फिरली तर एखाद्याचा आठवडा भरतो. उन्हाळ्यात शेवया, पापड, कांदा-लसूण चटणी यांची मागणी गल्लीने आगाऊ पैसे देऊन नोंदवावी.

थांबावे केव्हा

दर घराची मदत दोन महिन्यांसाठी ठरवावी आणि नंतर पुन्हा पाहावे. काम सुरू झाल्यावरही पहिला महिनाभर ती बंद करू नये, कारण पहिले दोन-तीन पगार मागील देण्यातच जातात. घर सावरल्यावर त्याच्याकडून वर्गणीची अपेक्षा बोलून दाखवू नये. आमच्याकडे मागच्या खेपेस ज्या घराला मदत झाली, त्या घरातील बाईंनी पुढच्या मुष्टिफंडाला पहिली ज्वारी आणून दिली, पण ते त्यांनी आपणहून केले.

शेवटी राहते ती नावांची वही. ती कपाटात ठेवली की कधीतरी कोणाच्या तरी हाती लागते, आणि एखाद्या लग्नाच्या बोलणीत किंवा भांडणात ती नावे बाहेर येतात. हिशोबाची पाने आणि पावत्या नियमाप्रमाणे जपून ठेवाव्यात, त्यांवर घरांना केवळ क्रमांक असावेत. क्रमांक कोणाचा आहे हे सांगणारे पान वेगळे ठेवावे आणि काम संपल्यावर समितीने एकत्र बसून ते नष्ट करावे. आमच्या गल्लीत ते पान गिरणीवाल्यांच्या घरी, पाणी तापवायच्या बंबात, आम्हा सातही जणांसमोर घातले गेले.