प्लगपर्यंत पोचताना: बोनेटखालचे पार्ट घरच्या घरी कसे खोलावेत

स्पार्क प्लग बदलणं हे दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांच्या आधी जे काढावं लागतं आणि नंतर जे परत बसवावं लागतं, त्यात सुट्टीच्या दिवसाची सकाळ जाते. छोट्या पेट्रोल गाडीत प्लग इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागात, खोल विहिरीत बसलेले असतात. त्यांच्यावर कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट), बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या वर एअर फिल्टरचा डबा किंवा त्याची नळी, आणि सगळ्यांवर प्लॅस्टिकचं कव्हर. घरी काम करणाऱ्यांच्या चुका प्लगपाशी फारशा होत नाहीत. त्या होतात या वाटेवर, बहुतेक परत येताना. म्हणून हा लेख प्लगपेक्षा त्या वाटेबद्दल जास्त आहे.

उदाहरण म्हणून प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत अशीच रचना असते, इतर कंपन्यांच्या पुष्कळ गाड्यांतही. तुमच्या गाडीत डबा कुठे आहे, बोल्ट किती आहेत हे थोडं वेगळं असेल. क्रम तोच राहतो.

कशाला हात लावायचा नाही

हे आधी ठरवा. पेट्रोलची लाइन प्रेशरमध्ये असते, एसीच्या पाइपात गॅस भरलेला असतो, डिझेल गाडीच्या कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) १,००० बारच्या वर दाब जातो. यांतलं काहीही घरी सोडवायचं नाही. महाराष्ट्रात सीएनजीच्या गाड्या खूप आहेत. त्यांच्या टाकीत सुमारे २०० बार दाबाने गॅस असतो आणि त्याची स्टीलची नळी बोनेटखाली रेग्युलेटरपर्यंत येते. ती नळी, तिचे जोड आणि रेग्युलेटर फक्त अधिकृत माणसाने उघडायचे. आपला पाना त्या बाजूला जायलाच नको. हायब्रिड गाडीतल्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलींनाही हाच नियम. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्या.

हत्यारं

दहाची गोटी, म्हणजे १० मिलिमीटरचा सॉकेट, हे या कामाचं मुख्य हत्यार. बॅटरीचे टर्मिनल, कॉइलचे बोल्ट, डब्याचे बोल्ट बहुतेक ठिकाणी दहाचेच निघतात. सोबत बाराची गोटी, रॅचेट (गोटी फिरवायची दांडी), एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, १०-११चा पाना, चपटा आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पक्कड. प्लगसाठी आत रबर किंवा चुंबक असलेली खास गोटी लागते. ती बहुतेक सोळाची असते, काही गाड्यांत चौदाची. विकत घेण्याआधी आपल्या प्लगचं माप पाहून घ्या. काडीला चुंबक लावलेलं एक स्वस्त हत्यार मिळतं, तेही घ्या. बोल्ट खाली पडला की त्याची किंमत कळते.

आणि एक जुनं इडलीपात्र. प्रत्येक खळग्यात एकाच पार्टचे बोल्ट ठेवायचे. कॉइलचे पहिल्या ताटलीत, डब्याचे दुसऱ्या, बॅटरीचे तिसऱ्या. बोल्टांची लांबी सारखी दिसते, पण बहुतेकदा नसते. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर तळाला टेकतो आणि जोर लावल्यावर भोकातले आटे घेऊन येतो.

सुरुवात: थंड इंजिन, मोबाइल, मग बॅटरी

गाडी आदल्या रात्रीपासून उभी असलेली बरी, निदान दोन-तीन तास तरी. भाजण्याची भीती आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम ॲल्युमिनियममधून प्लग फिरवला तर आटे मरू शकतात आणि मग काम हेड उतरवण्यापर्यंत जातं.

हातातली अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. ओढणी किंवा मोकळे केस बांधून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात नको, घरात. एक काच खाली करून ठेवा, म्हणजे बॅटरी सुटल्यावर दारं लॉक झाली तर आत हात जाईल.

आता मोबाइल काढा. कशालाही हात लावण्यापूर्वी वरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक आणि प्रत्येक कनेक्टरचा जवळून एक, असे फोटो घ्या. पुढे प्रत्येक पार्ट काढण्याआधी एक आणि काढल्यानंतर एक. वायर कोणत्या पाइपाच्या खालून गेली होती आणि कोणत्या क्लिपमध्ये अडकवली होती, हे दुपारी आठवत नाही.

बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी सोडवायचं, हे सगळे सांगतात. कारण कमी जण सांगतात. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर पान्यातून थेट शॉर्ट होतो, ठिणग्या उडतात आणि बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी म्हणजे धोका. मायनस आधी सुटला की बॉडी या वर्तुळातून बाहेर पडते, मग प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. बसवताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी. सोडवलेली मायनस वायर फडक्यात गुंडाळून बाजूला खोचा, नाहीतर ती स्प्रिंगसारखी परत टर्मिनलवर येऊन टेकते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवा. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. सुकल्यावर थोडी व्हॅसलीन लावा. डबा काढायला जागा अपुरी असेल तरच बॅटरी पूर्ण उचला. छोट्या गाडीची बॅटरीही सुमारे १० किलोची असते, तिरकी धरू नका.

वरचं कव्हर आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा

इंजिनवरचं प्लॅस्टिक कव्हर काही गाड्यांत बोल्टने, काहींत नुसत्या रबरी बुचांवर बसवलेलं असतं. बुचांवरचं कव्हर एका कोपऱ्यातून सरळ वर ओढायचं. मधून उचललं तर तडा जातो.

बटणासारख्या प्लॅस्टिक क्लिपा दोन प्रकारच्या असतात आणि इथेच बहुतेक लोक त्या तोडतात. एका प्रकारात मधली पिन वर ओढली की बाहेरचा भाग सैल होतो. दुसऱ्यात मधली पिन आत दाबायची, मग पूर्ण क्लिप बाहेर येते. आधी नखाने पिनच्या कडेला खाच आहे का ते बघा. खाच असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून वर उचला, नसेल तर दाबून पाहा. दाबण्याच्या प्रकारात पिन पूर्ण आत ढकलली तर ती आतच पडते, म्हणून एक टिक ऐकू येईपर्यंतच.

कनेक्टर

या वाटेवर सगळ्यात जास्त धीर इथे लागतो. दहा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं प्लॅस्टिक पापडासारखं कडक होतं. कनेक्टरला एक जीभ असते. ती दाबायची किंवा उचलायची आणि कनेक्टरचा आडवा भाग धरून ओढायचा. वायर धरून कधीही ओढायचं नाही. कनेक्टर हलत नसेल तर आधी तो थोडा आत, म्हणजे बसवण्याच्या दिशेने, दाबा. जिभेवरचा ताण सुटतो आणि ती सहज दबते. काही कनेक्टरांवर लाल किंवा पिवळं छोटं लॉक असतं, ते आधी मागे सरकवावं लागतं.

सगळ्यांना मास्किंग टेप लावून १, २, ३ लिहा. चारही कॉइलचे कनेक्टर हुबेहूब सारखे असतात. वायरची लांबी पाहून ओळखू येतील, पण टेपवरचा आकडा डोळ्यांसमोर असतो.

एअर फिल्टरचा डबा

डब्याकडून इंजिनकडे जाणारी रबरी नळी एका क्लॅम्पने आवळलेली असते. स्क्रूचा क्लॅम्प असेल तर स्क्रू ढिला करा, पूर्ण काढू नका. स्प्रिंगचा असेल तर पक्कडीने दोन कान दाबून मागे सरकवा. रबर चिकटलं असेल तर ओढू नका, आधी हाताने थोडं फिरवा. नळीवर किंवा डब्यावर सेन्सर असेल तर त्याचा कनेक्टर आधी काढायचा. मग डब्याचे बोल्ट, मग डबा वर. तो अडला तर जोर लावू नका. खाली एखादी बारीक व्हॅक्यूम नळी नक्की राहिलेली असते, आरशाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघा.

डबा निघाला की इंजिनकडे जाणारं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा. आत पडलेला एक नट थेट सिलिंडरपर्यंत जाऊ शकतो.

पावसाळ्यानंतर डब्याखाली काय सापडेल सांगता येत नाही. वाळकी पानं, कागदाचे तुकडे, कधी उंदराचं घरटं. अशा वेळी आसपासच्या वायरी बोटांनी चाचपून बघा. कुरतडलेली वायर दिसण्याआधी हाताला लागते.

माझ्या आधीच्या गाडीत एका सर्व्हिसिंगनंतर डब्याची एक क्लिप उघडीच राहिली होती. कोकणात फिरून आल्यावर डबा उघडला, तेव्हा फिल्टरच्या स्वच्छ बाजूला तांबड्या मातीचा थर होता. तीच धूळ इंजिनमध्ये गेली होती. तेव्हापासून डबा बंद केला की चारही बाजूंनी फटीवर नख फिरवून बघतो.

कॉइल आणि प्लग

कॉइलचा दहाचा बोल्ट काढा, कॉइल उजवीकडे-डावीकडे जराशी फिरवून सरळ वर ओढा. खालचं रबर प्लगला चिकटलेलं असतं, फिरवल्याने ते सुटतं. रबरावर तेल असेल तर टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा विहिरीच्या सीलमधून तेल उतरतंय. ते दुरुस्त होईपर्यंत नवे प्लग घालून फारसा उपयोग नाही.

प्लग सोडवण्याआधी विहीर फुंकून घ्या. सायकलच्या पंपाला बारीक नळी लावली की काम होतं. डोळ्यांवर चष्मा हवा. प्लग निघाल्यावर आत जाईल ती माती सिलिंडरमध्येच जाणार. शक्य असेल तर प्लग पाव वळसा ढिला करून पुन्हा एकदा फुंका. घट्ट असेल तर थोडा आवळा, थोडा सोडवा, पुन्हा आवळा. आटे घासल्याचा आवाज आला तर थांबा, आट्यांवर मुरणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि अर्ध्या तासाने या.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा. बिस्किटासारखा फिका तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी. तेलकट असेल तर इंजिनमध्ये तेल वर येतंय. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर तो सिलिंडर लक्षात ठेवा. म्हणूनच क्रम महत्त्वाचा.

परत बसवणं

नवा प्लग गोटीने सुरू करू नका. त्याच्या डोक्यावर वीतभर रबरी नळी घट्ट बसवा, प्लग विहिरीत उतरवा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, म्हणजे प्लगला इजा होत नाही. आधी उलट दिशेने फिरवा. आट्यांची सुरुवात जुळली की हाताला बारीक टक जाणवते, मग सुलट. टेकेपर्यंत हाताने. त्यानंतर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. नसेल तर वायसर असलेला नवा प्लग टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश वळसा, जुनाच प्लग परत घालत असाल तर जेमतेम बारावा हिस्सा. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने जास्त आवळला जातो.

कॉइलचे बोल्ट बारीक असतात, ६ मिलिमीटरच्या आट्यांचे. त्यांना सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे रॅचेटची दांडी मुठीत न धरता गोटीजवळ दोन बोटांत धरून लावलेला जोर. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन वळसे लावा, एकही पाना न लावता, मगच आवळा. डब्याचा एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत.

प्रत्येक कनेक्टर टिक वाजेपर्यंत, मग हलकेच ओढून बघा. नळीचा क्लॅम्प रबरावरच्या जुन्या खुणेवर. तोंडातलं फडकं काढलंत ना? आता मोबाइलमधले फोटो उलट क्रमाने बघत या आणि इडलीपात्र रिकामं आहे का पाहा. त्यात एक जरी बोल्ट उरला तर गाडी सुरू करू नका.

बॅटरी जोडा, हत्यारं मोजा, मग किल्ली. पहिली काही मिनिटं इंजिनचा वेग वर-खाली होईल, कॉम्प्युटर पुन्हा शिकत असतो. घड्याळ लावावं लागेल. काच आपोआप वर जात नसेल तर ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. काही स्टिरिओ कोड मागतात, तो आधीच शोधून ठेवा. इंजिन थरथरत असेल आणि चेक लाइट लुकलुकत असेल तर लगेच बंद करा. बहुतेक एखादी कॉइल नीट बसलेली नाही आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर थंड इंजिनवर बोनेट पुन्हा उघडा. डब्याच्या क्लिपा, नळीचा क्लॅम्प आणि बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा.