जावा स्विंगमध्ये विंडो बंद करताना या चुका टाळा

युजर ‘कॅन्सल’ दाबतो आणि तरीही विंडो गायब होते. स्विंग (विंडो, बटणं बनवायची जावाची लायब्ररी) शिकणाऱ्यांच्या कोडमध्ये हमखास सापडणारा हा बग. जेफ्रेममध्ये, म्हणजे स्विंगच्या मुख्य विंडोत, आधी तुमचा विंडो-क्लोजिंग लिसनर (विंडो बंद करायला गेल्यावर चालणारा तुमचा कोड) चालतो आणि मग फ्रेमची ठरलेली कृती, म्हणजे क्लोज ऑपरेशन, होतेच. लिसनरमध्ये तुम्ही काय विचारलंत, काय उत्तर आलं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून ‘सेव्ह करायचं का?’ असं विचारायचं असेल तर क्लोज ऑपरेशन आधी डू-नथिंग-ऑन-क्लोज करा. मग बंद करणं न करणं सर्वस्वी तुमच्या हातात.

काहीच सेट केलं नाही तर हाइड-ऑन-क्लोज लागू होतं. विंडो नुसती लपते, टास्क मॅनेजरमध्ये जावा चालूच. याला वैतागून लोक एक्झिट-ऑन-क्लोज टाकून मोकळे होतात. एकाच विंडोचा प्रोग्राम असेल तर ठीक, पण दुसरी विंडो उघडी असली तर तीही न विचारता जाते. तिथे फक्त तीच विंडो मोडीत काढणारं डिस्पोज-ऑन-क्लोज बरं. शेवटची विंडो डिस्पोज होऊनही जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) थांबत नसेल, तर चालू राहिलेला नॉन-डीमन थ्रेड शोधा; असा थ्रेड चालू असेपर्यंत जेव्हीएम थांबत नाही, डीमन थ्रेडसाठी मात्र ती थांबून राहत नाही. पहिला संशयित जावा-युटिलमधला टायमर, कारण कॅन्सल केल्याशिवाय त्याचा थ्रेड कधी संपेल याचा भरवसा नाही.

आता कन्फर्म डायलॉग. ‘हो’, ‘नाही’, ‘कॅन्सल’ अशी बटणं तीन, उत्तरं मात्र चार! एस्केप दाबलं किंवा डायलॉगचीच फुली दाबली तर क्लोज्ड-ऑप्शन, म्हणजे -१ मिळतो. ‘कॅन्सल असेल तर थांब, नाहीतर बंद कर’ अशी अट लिहिली असेल तर एस्केप दाबणाऱ्याचं काम पाण्यात. अट उलटी लिहा: ‘हो’ किंवा ‘नाही’ आलं तरच पुढे जा, बाकी काहीही आलं तरी विंडो जागेवर.

फाइल मोठी असेल तर सेव्हिंग इव्हेंट थ्रेडवर (क्लिक, कळा हाताळणाऱ्या थ्रेडवर) नको, विंडो गोठते. काम मागे दुसऱ्या थ्रेडवर करणारा स्विंगवर्कर वापरा, पण त्याचे थ्रेड डीमन असतात हे लक्षात ठेवा. वर्कर सुरू करून लगेच डिस्पोज केलंत, तर जेव्हीएम बंद होऊन फाइल अर्धवट राहू शकते. डिस्पोज वर्करचं काम संपल्यावर चालणाऱ्या ‘डन’ मेथडमध्ये करा, तेही आधी ‘गेट’ बोलावून सेव्ह खरंच झालं का हे पाहून.

मेनूतल्या ‘एक्झिट’मधून थेट डिस्पोज केल्यास विंडो-क्लोजिंग येतच नाही, फक्त विंडो-क्लोज्ड येतो. तिथून विंडो-क्लोजिंग इव्हेंटच डिस्पॅच करा. मॅकवर कमांड-क्यू हा आणखी एक चोरदरवाजा. जावा ९ पासून डेस्कटॉप क्लासमध्ये क्विट स्ट्रॅटेजी ‘क्लोज-ऑल-विंडोज’ ठेवता येते, म्हणजे तिथूनही विंडो-क्लोजिंग येतो.