भाण, शेगडी आणि बंद जनेल

मे महिन्यात गोव्यात फोंड्याकडच्या गावांत जुनं घर घेऊन राहायला येणारी पुण्या-कोल्हापूरची मंडळी मला दोन गोष्टी हौसेने दाखवतात. एक मागीलदारची चूल, दुसरा न्हाणीतला पाणी तापवायचा तांब्याचा भाण. "ताई, आता रोज चुलीवरची भाकरी!" जूनच्या मध्यावर हीच माणसं लाल डोळ्यांनी विचारायला येतात, लाकडं पेटत का नाहीत?

पेटतील कशी? इथल्या बायका पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, मिरच्या-कोकमांबरोबर लाकूडफाटा, नारळाची सोडणं, करवंट्या, वाळल्या झावळ्यांची चुडतं असं सगळं पावसाआधीच मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, भरून ठेवतात. आपण आठवड्याची भाजी आणावी तशी लाकडं आणतो. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा. सुकं टणकन वाजतं, ओलं धप्प करतं. ओलं लाकूड जळत नाही, धुमसतं, आणि धुमसताना कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू जास्त निघतो. काजूबियांची टरफलं फुकट मिळाली तरी चुलीत घालू नका. त्यांतल्या तेलाचा धूर डोळे-घसा सोलून काढतो.

पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी, दुपारी एकनंतर बंद होणारी दुकानं, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी खिडकीबद्दल, इथल्या भाषेत जनेलाबद्दल, सांगते.

कौलारू घराच्या फटींतून धूर आपोआप वर निघून जातो. आपले लोक काय करतात, तर कौलांखाली फॉल्स सीलिंग ठोकतात, सरकत्या काचा बसवतात आणि पाऊस लागला की उरलेल्या भोकांवर प्लास्टिक. इथला पाऊस आडवा मारतो हे खरं. प्लास्टिक इथलेही लावतात, पण व्हरांड्याला. चुलीच्या खोलीत किंवा न्हाणीत नाही.

आम्ही लावलं होतं, तेही झोपायच्या खोलीला. २००९ चा जुलै, माझी मुलगी वीस दिवसांची. आई सांगलीहून बाळंतपणाला आलेली, म्हणजे शेक-शेगडी आलीच. रोज शेक झाला की ती शेगडी बाहेर नेत असे. त्या दिवशी दुपटी वाळत नव्हती म्हणून तिने तीच शेगडी कोपऱ्यात ठेवली आणि गार वारा नको म्हणून दार लोटलं. कोळसे लालबुंद, धुराचा पत्ता नाही. धूर नाही म्हणजे काळजी नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. तासाभरात माझं डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ. आईलाही तसंच. "पित्त झालंय," ती म्हणाली. पाणी घ्यायला उठले तर पायांत बळच नाही.

नागपंचमी होती म्हणून वाचलो. शेजारची वयनी पातोळ्या घेऊन आली, दार ढकललं आणि ताट तिथेच टाकून ओरडली, "अगो, जनेल उगड पयलीं!" उगडायला तिनेच प्लास्टिक फाडलं. बाळाला उचलून ती पावसाच्या झडीत व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. हळदीच्या पानांतल्या त्या पातोळ्या उंबऱ्यात तुडवल्या गेलेल्या मला अजून दिसतात.

जवळच्या दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा आला ९८. ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवत होते. वयनी ऐकेना, म्हणून मोठ्या इस्पितळात गेलो आणि तिथे मास्क लावून ऑक्सिजन मिळाला. तो आकडा का फसवतो ते नंतर कळलं. शेगडीतला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. कोरोनापासून घरोघरी तो चिमटा आहे. या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू उतरायला चार-पाच तास जातात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

म्हणून सांगते, शेगडी खोलीत ठेवून देऊ नका. शेक घ्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, आणि झाला की लगेच शेगडी बाहेर. विझत आलेले निखारेही रात्री आत नकोत, तेही वायू सोडतात. वीज गेली की जनरेटर पडवीत लावणारे महाभाग आहेत, त्यांनाही हेच. न्हाणीतला गॅस गीझरही याच जातीचा. भाणाखाली जाळ करायचा तर वरचं गवाक्ष मोकळं असू द्या, आणि आंघोळ जाळ ओढून काढल्यावर.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत मिळतो, तो घ्या. सिलिंडरच्या गळतीचा अलार्म वेगळा असतो, तो जमिनीलगत लावतात, कारण तो गॅस हवेपेक्षा जड. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेत मिसळून सगळीकडे पसरतो. त्याचा अलार्म झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीच्या आसपास लावा आणि पाठीवरची मुदत बघा.

घरातल्या दोघातिघांना एकदम डोकेदुखी झाली आणि अंगणात गेल्यावर बरं वाटलं, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. आधी सगळे बाहेर, मग १०८. आणि डोकं दुखतंय एवढंच सांगू नका, आत शेगडी पेटलेली होती हे पहिल्याच वाक्यात सांगा.