शेतातल्या घराची परवानगी नाकारली, आता अपिलाची तयारी

नकाराचं पत्र आलं की ते कोणत्या दिवशी हातात पडलं हे त्यावरच लिहून ठेवा, आणि पाकीट जपून ठेवा. नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे अपिलाला ४० दिवस मिळतात, तेही निर्णय कळल्यापासून. नोकरी ठाण्यात, शेत शहापूरला आणि पत्र गावच्या पत्त्यावर, यातच निम्मे दिवस निसटतात. म्हणून फाइलवरच्या टिपण्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी टाका. त्याच्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणजे तुमच्या हातात उरले जेमतेम दहा.

पत्रातली कारणं एकेक करून वेगळी लिहा. आपण मनातल्या संतापाला उत्तर देत बसतो आणि लिहिलेल्या कारणाला द्यायचं राहतं. क्षेत्र कमी म्हटलं असेल तर ताजा सातबारा आणि ८अ, म्हणजे खातेउतारा, काढा. शेतघराला किमान ०.४ हेक्टर लागतं, साधारण ४० गुंठे. सामाईक खातं असेल तर भावाबहिणींची संमती लेखी घ्या. गावठाणापासूनचं अंतर आणि झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या विभागात येते त्याचा दाखला, हेही हवंच.

सगळ्यात जास्त वेळ सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्याला द्या. मुरबाड-शहापूरकडे तिथे खासगी वनाची नोंद निघते, कुळाची निघते, आणि मग सुंदर नकाशा काढून काही उपयोग नसतो. ती नोंद कोणत्या फेरफाराने, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीने, आली तो जुना फेरफार तलाठी कार्यालयातून शोधून काढा. माझ्या मते अर्ध्याअधिक वादांचं मूळ तिथेच सापडतं.

हद्दीवरून शेजाऱ्याने हरकत घेतली असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. नोटीस त्याला जाईलच, तरी आदल्या संध्याकाळी स्वतः जा, "काका, उद्या मोजणीला या" म्हणा. समोर उभं राहून बघितलेली खूण माणूस सहज नाकारत नाही. बैलगाडीची जुनी वाट घराच्या जागेतून जात असेल तर गाव नकाशाची प्रत घ्या आणि वाट सोडूनच घर आखा.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि घरपट्टीची पावती फाइलला लावा, पण ती बांधकाम परवानगी नव्हे. निकाल येईपर्यंत जोत्याचा एक दगडही हलवू नका.

सुनावणीला मूळ कागद पिशवीत, दोन झेरॉक्स संच वेगळे. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि निघण्यापूर्वी पुढची तारीख विचारून घ्या.