सलागम समाजावर लघुशोधनिबंध लिहिताना

पुण्यात राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी श्रीलंकेतील सिंहली जातींवर, त्यातही सलागम जातीवर, लघुशोधनिबंध लिहायला घेणाऱ्याने आडनावावरून जात ठरवण्याचा मोह आधी आवरावा. मी जयकर ग्रंथालयात बसून ‘डी सिल्व्हा’ आडनावाच्या खासदारांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या, त्या चाळून मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, “नुसत्या ‘जाधव’वरून जात सांगाल का?” पोर्तुगीज काळात किनारपट्टीवरील अनेक जातींत हीच आडनावे रुजली, त्यामुळे चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. जनगणनाही मदतीला येत नाही. श्रीलंकेत ती वंश आणि धर्म नोंदवते, जात नाही. तेव्हा टक्केवारीचा नाद सोडून संस्था आणि घटना धराव्यात.

आरंभ दालचिनीपासून करावा, कारण डच अमलात तिची साल सोलण्याची सक्तीची सेवा सलागम समाजावरच होती. पुढचे प्रकरण मात्र ऐसपैस लिहावे. सयाम निकाय या भिक्षुसंघाच्या शाखेची उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, गोविगम या शेतकरी जातीपुरती राखली गेली, तेव्हा किनाऱ्यावरील वेलितरचे सलागम श्रामणेर (नवदीक्षित) अंबगहपिटिये ज्ञानविमल उपसंपदेसाठी ब्रह्मदेशात गेले आणि १८०३ मध्ये परतल्यावर अमरपुर निकाय उभा राहिला. प्रतिष्ठेचा झगडा मतपेटी येण्याच्या कितीतरी आधी भिक्षुसंघात सुरू झाला होता, हे येथे नेमके दाखवता येते.

आधुनिक राजकारणासाठी सलागम समाजातले मंत्री सी. पी. डी सिल्व्हा यांची कारकीर्द घ्यावी. डिसेंबर १९६४ मध्ये ते सहकाऱ्यांसह विरोधी बाकांवर गेले आणि पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांचे सरकार एका मताने पडले. याला केवळ सलागमांची नाराजी म्हणणे सोपे आहे. पण डाव्या पक्षाशी केलेली आघाडी आणि वृत्तपत्रांवरील नियंत्रणाचे विधेयक ही कारणे वगळली, तर निबंध लंगडा पडतो. शिवाय ते निवडून येत ते सलागमांच्या किनाऱ्यावरून नव्हे, तर सिंचन वसाहतींच्या पोलोन्नरुवा भागातून, हे नकाशासह मांडावे.

आजच्या समाजासाठी तेथील रविवारच्या वृत्तपत्रांतील विवाहविषयक जाहिराती वाचाव्यात. ‘गोवि बौद्ध’ (म्हणजे गोविगम बौद्ध) असा उल्लेख तेथे उघडपणे आढळतो आणि आपल्याकडच्या वधूवर सूचक सदरांवर पोसलेल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक कात्रणावर वृत्तपत्र, तारीख आणि पृष्ठ त्याच दिवशी लिहावे. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.