पोपटाचं परदेशी परमिट: माझा अर्ज कुठे अडला आणि कसा सुटला

आमचा आफ्रिकन ग्रे पोपट सोबत न्यायचा होता, मला वाटलं व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट आणि एअरलाईनचा पिंजरा झाला की काम झालं, पण कसलं काय, एक्स्पोर्ट परमिटचा अर्ज थेट परत आला.

झालं असं की हा पोपट आधी सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये होता, जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट १ मध्ये आहे, आणि मी वाचत बसलो होतो जुनी माहिती. परिशिष्ट २ ला सायटीसच्या हिशोबाने एक्स्पोर्ट परमिट पुरतं, १ ला मात्र ज्या देशात जायचंय तिथलं इम्पोर्ट परमिट आधी लागतं, ते दाखवल्याशिवाय इकडचे हलत नाहीत. मी नेमकं उलटं केलेलं!

मग आधी तिकडे अर्ज टाकला. ब्रीडरकडून पिंजऱ्यातच जन्मल्याचं पत्र घेतलं, पायातल्या रिंगचा नंबर भिंग घेऊन वाचला (पावतीवर एक आकडा चुकीचा होता, तोही दुरुस्त करून घेतला) आणि फॉर्मवर शास्त्रीय नाव सिटॅकस एरिथॅकस असंच लिहिलं, कारण नुसतं 'ग्रे पॅरट' चालत नाही.

एक्स्पोर्ट परमिट जास्तीत जास्त ६ महिने चालतं, त्यामुळे ब्लड टेस्ट आणि क्वारंटाईनची तारीख पक्की झाल्यावरच ते काढलं. निघताना कस्टम्सकडून मूळ प्रतीवर शिक्का मारून घेतला, झेरॉक्स चालत नाही. पोपट मजेत आहे, फक्त एअरपोर्टची अनाउन्समेंट शिकलाय.