फायबरची बॉडी बसवताना या चुका टाळा

सुट्या भागांचा संच आणून घरी बांधलेली गाडी, म्हणजे किट कार, कुणी दाखवायला बोलावलं, की मी आधी मडगार्डच्या बोल्टांभोवती बोट फिरवतो. तिथे बारीक तडे हाताला लागले, की कळतं: पत्र्याची सवय फायबरवर, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिनच्या पॅनलवर, चालवली आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बोल्ट आवळून पॅनल जागेवर ओढणं. पॅनल आणि ब्रॅकेटमध्ये फट दिसते, हातात पाना असतो, दोन फेरे दिले की फट मिटते. पत्रा वाकला की तसाच राहतो. फायबर मात्र मूळ आकाराकडे परत जायला बघतं आणि तो ताण बोल्टपाशी कायम राहतो. माझ्या पहिल्या गाडीत पुढच्या डाव्या मडगार्डखाली ४ मिमीची फट होती. रंगाची घाई होती, म्हणून मी ती आवळून बंद केली. दीड महिन्यात बोल्टभोवती चांदणीसारखा तडा गेला, आठवड्याने शेजारी दुसरा. नुसती पुट्टी भरून पाहिली, तडा परत वर आला, कारण ताण तसाच होता. शेवटी मडगार्ड उतरवून मागून घासलं, मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, रेझिनमध्ये भिजवून तीन थर दिले, पुढून जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) भरला आणि पुन्हा रंग दिला. फटीत ४ मिमी जाडीची चकती, म्हणजे पॅकिंग, घालायला दहा मिनिटं लागली असती.

आता मी सगळे बोल्ट दोन-तीन आटे धरून सैल सोडतो, पॅनल स्वतःच्या वजनाने बसू देतो, जिथे फट राहील तिथे मापाचं पॅकिंग घालतो आणि मग मधल्या बोल्टापासून कडेकडे थोडं थोडं आवळतो. नट नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले हवेत, म्हणजे कमी आवळूनही ते सुटत नाहीत.

दुसरी चूक वॉशरची. ६ मिमी बोल्टाचा साधा वॉशर १२ मिमी रुंद असतो. २५ मिमीचा घेतला तर दाब पाचपटीहून जास्त जागेवर पसरतो. एवढ्या स्वस्त वस्तूत काटकसर करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

भोक बोल्टाच्या मापाचं पाडू नका. ६ मिमीला ८ मिमी ठेवा, कारण चासी पिळवटते आणि धातू व फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत. भोक कडेपासून व्यासाच्या तिप्पट तरी आत घ्या. काउंटरसंक (तिरप्या, निमुळत्या डोक्याचा) स्क्रू उघड्या फायबरमध्ये नकोच, त्याचं डोकं पाचरीसारखं घुसतं. ड्रिल जेलकोटच्या बाजूने, मास्किंग टेप लावून, मागे लाकूड धरून आणि जोर न देता चालवा. धूळ फुप्फुसात जाते, मास्क घाला.

चिकटवायचं असेल तर मागची गुळगुळीत बाजू ८० नंबरच्या कागदाने खरवडा, ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या. गोंद दाबून पातळ करू नका, २ ते ३ मिमी थर राहू द्या. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी काढा, त्याच संध्याकाळी नाही.